ड्रोनचा पहिला बोर्ड : उडण्यापेक्षा परतण्याकडे पाहा

चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली, आलापल्ली या गावांतील आमच्या कारागीर मंडळींत मोटर रिवाइंडिंग करणारे, टीव्ही आणि मोबाईल दुरुस्त करणारे, वेल्डिंगवाले व लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणारे बरेच आहेत. या मंडळींत आता ड्रोनचा विषय निघू लागला आहे. तयार ड्रोन विकत घेण्यापेक्षा सुटे भाग आणून तो घरीच जुळवावा, काम शिकून घ्यावे आणि पुढे त्याच्या दुरुस्तीतून रोजी कमवावी, असा अनेक तरुणांचा विचार असतो. विचार चांगला आहे. ज्याच्या हातात हुनर आहे त्याने नव्या यंत्राला भिण्याचे कारण नाही.

ड्रोनचा सांगाडा, मोटरी, पंखे, बॅटरी हे भाग डोळ्यांना दिसतात व त्यांचे गणितही लवकर समजते. गाडी अडते ती एका लहानशा चौकोनी पाटीपाशी. तिला ऑटोपायलट बोर्ड किंवा फ्लाईट कंट्रोलर म्हणतात. बाजारात तो अनेक नावांनी आणि अनेक भावांनी मिळतो. नवा माणूस एक तर सर्वांत स्वस्त बोर्ड उचलतो, नाही तर दुकानदार ज्याची तारीफ करील तो घेतो. दोन्ही वेळा नुकसान होण्याचा संभव असतो. म्हणून या लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. आपल्या जंगलाच्या मुलखात बोर्ड किती झोकात उडवतो ही गोष्ट दुय्यम आहे. रिमोटचा संपर्क तुटला, बॅटरी उतरू लागली किंवा शिकाऊ माणूस गोंधळला, तर तो बोर्ड यंत्राला सुखरूप परत आणतो काय, ही त्याची पहिली परीक्षा आहे.

बोर्ड करतो काय?

चार पंख्यांचा ड्रोन आपल्या आपण हवेत स्थिर राहू शकत नाही. चार मोटरींपैकी एकीचा वेग किंचित कमी झाला तरी तो कलंडतो. चारही मोटरींचा वेग क्षणोक्षणी सांभाळण्याइतका माणसाचा हात चपळ नाही. ते काम बोर्ड करतो.

बोर्डावर काही बारीक मापके बसवलेली असतात. जायरो हे यंत्र किती वेगाने फिरते ते सांगते. ॲक्सेलरोमीटर खाली कोणती बाजू आहे ते ओळखतो, म्हणजे गवंड्याच्या हातातील पाणसळीचे आणि ओळंब्याचे काम तो करतो. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो. कंपास दिशा दाखवतो आणि जीपीएस उपग्रहांच्या आधाराने जागा सांगतो. ही सर्व मापे वाचून बोर्डावरील प्रोसेसर दर सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करतो आणि प्रत्येक मोटरीच्या ईएससीला, म्हणजे वेग राखणाऱ्या सर्किटला, हुकूम देतो.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. यंत्र समतोल ठेवणे हे पहिले काम झाले. त्याला जायरो आणि ॲक्सेलरोमीटर पुरतात व स्वस्तातला बोर्डही ते करतो. एका जागी थांबणे, ठरलेल्या वाटेने जाणे आणि अडचण आली की निघालेल्या जागी परत येणे हे दुसरे काम. त्यासाठी बॅरोमीटर, कंपास आणि जीपीएस लागतात व या तिघांना जुळवून घेणारा भरोशाचा प्रोग्रॅमही लागतो. बोर्डांच्या किमतीतला खरा फरक या दुसऱ्या कामाचा असतो.

कारागिरांनी घडवलेली विद्या

ही विद्या केवळ मोठ्या कारखान्यांतून आलेली नाही, हे आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावे. २००७ च्या सुमारास मेक्सिकोच्या तिहुआना शहरातून अमेरिकेत आलेला होर्दी मुन्योस नावाचा तरुण कामाच्या परवान्याची वाट पाहत घरी बसला होता. त्याने वी नावाच्या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधील मापक काढले, ते आर्दुइनो नावाच्या स्वस्त बोर्डाला जोडले आणि आपले खेळण्यातले हेलिकॉप्टर स्थिर उडवून दाखवले. पुढे २००९ मध्ये क्रिस अँडरसन यांच्याबरोबर त्याने थ्रीडी रोबोटिक्स ही कंपनी काढली. आज जगभर वापरला जाणारा आर्दुपायलट हा प्रोग्रॅम याच धडपडीतून वाढला.

ही कंपनी २०१६ मध्ये ड्रोन बनवण्याच्या धंद्यातून बाहेर पडली. तरीही आर्दुपायलट बंद पडला नाही, कारण तो खुला प्रोग्रॅम आहे. कोणीही तो वाचावा, वापरावा, सुधारावा. निरनिराळ्या देशांतील जाणकार तो आजही सुधारत आहेत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात मोठा धडा आहे. ज्या मालाचे ज्ञान एकाच कंपनीच्या तिजोरीत बंद असते, तो माल कंपनीने हात काढला की अडगळीत जातो. ज्याचे ज्ञान खुले असते त्याची दुरुस्ती दहा वर्षांनीही करता येते.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी सुरू केली आणि ड्रोन चालवणारा ऑटोपायलट स्वतः तयार केला. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपाशी उडताना दिसणारे यंत्र त्यांचेच होते. नंतर संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने त्यांनी 'नेत्र' हा ड्रोन बनवला. यंत्राच्या मेंदूवर ज्याची हुकमत, त्याचाच धंदा पुढे जातो, हे यावरून दिसते.

बाजारात मिळणारे प्रकार

भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, म्हणून येथे रुपयांचे आकडे न देता स्वस्ताकडून महागाकडे क्रमाने जातो.

पहिला प्रकार केके बोर्डाचा. नॉर्वेच्या रोल्फ बाके यांचा हा आराखडा आहे. पुढच्या आवृत्तीवर लहानसा पडदा व चार बटणे असतात, त्यामुळे कॉम्प्युटरशिवाय तो जुळवता येतो. समतोल कसा राखला जातो हे शिकायला तो चांगला आहे. पण त्याला जीपीएस जोडता येत नाही. संपर्क तुटल्यावर परत येण्याची अक्कल त्याच्यापाशी नाही.

दुसरा एपीएम २.८. आर्दुपायलटच्या सुरुवातीच्या काळातील या बोर्डावर ८ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे. जीपीएस, परतणे, वाट आखून देणे ही सर्व कामे तो करतो, म्हणून अजूनही तो विकला जातो. परंतु त्याच्या लहान स्मरणशक्तीत नवा प्रोग्रॅम मावेनासा झाला आणि २०१५ नंतर कॉप्टरसाठीच्या नव्या आवृत्त्या त्याच्यासाठी निघाल्या नाहीत. म्हणजे जुन्या चुकांची दुरुस्ती त्याला कधीच मिळणार नाही. मित्राने फुकट दिला तर टेबलावर शिकायला ठेवावा, नवा म्हणून पैसे देऊन घेऊ नये.

तिसरा प्रकार शर्यतीच्या ड्रोनसाठी निघालेल्या लहान बोर्डांचा. त्यांच्या नावात एफ४०५, एफ७ किंवा एच७४३ अशी अक्षरे असतात, ती प्रोसेसरची जात दाखवतात. यांत ३२ बिटांचा वेगवान प्रोसेसर असतो. दुकानातून ते बहुधा बीटाफ्लाईट हा प्रोग्रॅम भरून येतात. त्याचा मुख्य भर चपळ उड्डाणावर आहे. मात्र यांपैकी अनेक बोर्डांवर आयनॅव्ह किंवा आर्दुपायलटही भरता येतो व मग परतण्याचे काम नीट होते. घेताना त्यावर बॅरोमीटर आहे काय आणि बाहेरचा जीपीएस व कंपास जोडायला जागा आहे काय, हे पाहावे. एफ४०५ च्या १ मेगाबाइट स्मरणशक्तीमुळे आर्दुपायलटमधील काही सोयी वगळाव्या लागतात, पण पहिल्या ड्रोनला त्यांची गरज पडत नाही.

चौथा पिक्सहॉक. स्वित्झर्लंडच्या झुरिच येथील तांत्रिक विद्यापीठात लोरेन्झ मायर यांनी सुरू केलेल्या कामातून तो आला आणि २०१३ पासून सर्वत्र पसरला. यात १६८ मेगाहर्ट्झचा ३२ बिटी प्रोसेसर, मापकांचे दोन संच, नोंदी ठेवणारे मेमरी कार्ड आणि मुख्य प्रोसेसर अडला तर हाताने यंत्र सांभाळता यावे म्हणून वेगळा छोटा प्रोसेसर आहे. आर्दुपायलट आणि पीएक्स४ हे दोन्ही प्रोग्रॅम त्यावर चालतात.

पाचवा प्रकार बंदिस्त बोर्डांचा. डीजेआयची नाझा मालिका हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जुळवायला सोपा, उडायला गोड, पण आतले काही दिसत नाही व बदलताही येत नाही. आता तो बहुधा जुनाच विकत मिळतो. ज्याला दुरुस्तीचा धंदा शिकायचा आहे त्याने झाकलेल्या पेटीवर हात घालून काही मिळणार नाही.

आपल्या जंगलाचा हिशेब

मोकळ्या मैदानी मुलखात ड्रोन भरकटला तर शेतात पडतो आणि कोणी तरी आणून देतो. आपल्याकडे तसे नाही. येथे तो सागाच्या शेंड्यावर किंवा बांबूच्या बेटात जातो. तो शोधायला रानात शिरावे, तर तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला गेलेल्या कितीतरी माणसांवर याच रानांत वाघाने हल्ले केले आहेत. चार मोटरी आणि एका बोर्डासाठी कोणाच्या घरचा कमावता माणूस धोक्यात घालणे हा कोणता व्यवहार? म्हणूनच आम्ही परतण्याला इतके महत्त्व देतो.

पहिली गोष्ट उंचीची. आर्दुपायलटमध्ये परतण्याची उंची कारखान्यातून १५ मीटर ठरवलेली असते. परदेशातील सपाट मैदानावर ती पुरते. आपल्याकडचा जुना साग ३० मीटरपर्यंत सहज वाढतो. आलापल्लीकडे कोणी हा आकडा न बदलता कमी उंचीवर उडवले, तर संपर्क तुटताच यंत्र प्रामाणिकपणे १५ मीटरपर्यंतच चढून सरळ झाडात घुसेल. म्हणून आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किमान १० मीटर अधिक उंची बोर्डाला सांगून ठेवावी. ही उंची निघालेल्या जागेपासून मोजली जाते, यंत्राखालच्या जमिनीपासून नव्हे. भामरागड, एटापल्लीच्या डोंगराळ भागात दरीतून उडवणाऱ्याने डोंगराची चढणही हिशेबात धरावी. ज्या बोर्डात हा आकडा बदलताच येत नाही, तो बोर्ड आपल्या उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट संपर्काची. दाट आणि ओल्या पानांतून रेडिओच्या लहरी फार दूर जात नाहीत. झाडांच्या आड गेलेले यंत्र मैदानापेक्षा बरेच आधी रिमोटच्या हाताबाहेर जाते. त्यामुळे संपर्क तुटणे ही येथे कधीतरी घडणारी गोष्ट मानू नये, ती घडणारच असे धरून चालावे. मोबाईलचे नेटवर्कही आतल्या गावांत दगा देते. जो बोर्ड जुळवायला प्रत्येक वेळी इंटरनेट लागते तो टाळावा. आर्दुपायलटसाठीचा मिशन प्लॅनर हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर एकदा उतरवून घेतला आणि नकाशे गावातच भरून ठेवले, की रानात नेटवर्कशिवाय काम चालते.

तिसरी गोष्ट शेवटच्या ठिकाणाची. बोर्डाला टेलिमेट्रीचा रेडिओ जोडला तर यंत्र आपली जागा जमिनीवरच्या कॉम्प्युटरला सतत कळवीत राहते. ते पडले तरी शेवटचे ठिकाण नकाशावर राहते व शोध अंदाजाने घ्यावा लागत नाही. हा संच घेताना एक दक्षता घ्यावी. ९१५ मेगाहर्ट्झचे संच अमेरिकेसाठी असतात आणि ती पट्टी भारतात अशा वापराला खुली नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची पट्टी परवान्याशिवाय खुली आहे. दुकानदार काहीही म्हणो, डबीवरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

चौथी गोष्ट हवेची. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे, पारा ४५ अंशांच्या वर जातो. बॅरोमीटरवर थेट ऊन किंवा पंख्यांचा वारा आला तर उंचीचा हिशेब चुकतो, म्हणून त्यावर स्पंजचा तुकडा बसवून बोर्ड झाकावा. घुग्घुस, दुर्गापूरसारख्या खाणीच्या भागात कोळशाची बारीक धूळ सर्वत्र बसते. तेथे उघड्या बोर्डापेक्षा डबीत बंद असलेला बोर्ड बरा. या बाबतीत पिक्सहॉक सोयीचा, कारण तो डबीतच येतो.

आमची निवड

या हिशेबाने, ज्याच्यापाशी थोडे अधिक भांडवल आहे त्याने पिक्सहॉक घराण्यातील बोर्ड घ्यावा व त्यात आर्दुपायलट भरावा. ज्याचा हात तंग आहे त्याने बॅरोमीटर असलेला एफ४०५ बोर्ड व त्यासोबत कंपास असलेला बाहेरचा जीपीएस घ्यावा. बोर्डावर वाचवलेले पैसे चांगल्या जीपीएसवर घालावेत, उलट करू नये. जीपीएस आणि कंपास बोर्डापासून उंच दांडीवर बसवावेत, कारण बॅटरीच्या जाड तारांमधून वाहणारा प्रवाह कंपासला भुलवतो आणि दिशा चुकलेला ड्रोन परतण्याऐवजी गोल गोल फिरत दूर जातो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या गावात किंवा शेजारच्या तालुक्यात ज्या जातीचा बोर्ड आधीच कोणी वापरतो आहे, शक्यतो त्याच जातीचा घ्यावा. उस्तादाशिवाय कोणतीही विद्या लवकर येत नाही. शिवाय एकाचा सुटा भाग अडचणीत दुसऱ्याच्या कामी येतो.

खरेदीच्या वेळची तपासणी

बाजारात पिक्सहॉक २.४.८ म्हणून जो बोर्ड मिळतो, ती मूळ आराखड्यावरून चिनी कारखान्यांनी काढलेली नक्कल आहे. आराखडा खुला असल्याने अशी नक्कल काढणे बेकायदेशीर नाही, पण सर्व कारखान्यांचे काम सारखे नसते. म्हणून नागपूर-मुंबईच्या बाजारातून घ्या किंवा घरपोच मागवा, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

१. बोर्ड यूएसबी तारेने कॉम्प्युटरला जोडावा. मिशन प्लॅनरने तो ओळखला पाहिजे.

२. बोर्ड हातात धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवावा. पडद्यावरील क्षितिजाची रेघ लगेच व बरोबर हलली पाहिजे.

३. बोर्ड टेबलावर दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. पडद्यावरची उंची थोडी कमी-जास्त होईल, पण ती सतत एकाच दिशेने वाढत गेली तर बॅरोमीटर सदोष समजावा.

४. काही पिक्सहॉकवर प्रोसेसरची जुनी आवृत्ती असते. तिच्या दोषामुळे २ मेगाबाइटपैकी १ मेगाबाइटच वापरता येते. २ मेगाबाइट पूर्ण वापरता येत असेल तर त्यात एफएमयू-व्ही३ चा प्रोग्रॅम चढतो. न चढल्यास पूर्ण किंमत देऊ नये.

५. मेमरी कार्ड घालून नोंद लिहिली जाते काय ते पाहावे. पुढे यंत्र पडले तर दोष कशाचा होता हे ही नोंदच सांगते.

६. सॉकेटे बोटाने हलवून पाहावीत. सैल सॉकेट हवेत निसटते. ज्याला सोल्डरिंग येते त्यालाही हवेत सोल्डरिंग करता येत नाही!

पंखे लावण्यापूर्वी

बोर्ड उत्तम असला तरी त्याला नीट शिकवले नाही तर तो काही करू शकत नाही. पहिली सर्व जुळवाजुळव पंखे काढूनच करावी. लहान मोटरीचा पंखाही बोट कापू शकतो, आणि दुकानात लहान मुले वावरत असतात.

बोर्डाला सहा बाजूंवर ठेवून ॲक्सेलरोमीटर जुळवावा. कंपास जुळवताना लोखंडी टेबल, पत्र्याची शेड आणि सळयांचा स्लॅब यांपासून दूर मोकळ्या जागी जावे. मग फेलसेफची परीक्षा घ्यावी. पंखे काढलेलेच ठेवून यंत्र अंगणात न्यावे, उपग्रह जुळू द्यावेत, मोटरी सुरू कराव्यात, थ्रॉटल थोडा वाढवावा आणि मग रिमोट बंद करावा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फेलसेफची सूचना येऊन परतण्याची किंवा उतरण्याची अवस्था दिसली, तर बोर्ड परीक्षेत पास झाला. मोटरी जशाच्या तशा फिरत राहिल्या तर तो नापास, आणि दोष सापडेपर्यंत पंख्यांना हात लावू नये. रिसीव्हरची जुळणी बरोबर नसल्यानेही असे होते, म्हणून आधी तेथे पाहावे.

बॅटरीसाठीही अशीच सूचना बोर्डाला देता येते. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. तो ३.५ व्होल्टच्या आसपास आला की यंत्राने परतावे असे ठरवून द्यावे. यासाठी व्होल्टेज मोजणारे पॉवर मॉड्यूल लागते, ते बोर्डासोबत आहे काय ते विचारून घ्यावे.

पहिले उड्डाण धान कापलेल्या मोकळ्या बांधीत, वारा नसताना सकाळी करावे. उपग्रह पुरेसे जुळल्याशिवाय मोटरी सुरू करू नयेत, कारण जेथे मोटरी सुरू होतात ती जागा बोर्ड घर म्हणून धरून ठेवतो. प्रथम दोन-तीन मीटरवर समतोल, मग उंची धरणे, मग जागा धरणे आणि शेवटी परतण्याचे बटण. यांतील एकही पायरी ओलांडू नये.

कायदा आणि परवानगी

२५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम जारी केले. त्यांनुसार बॅटरीसह २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो होय. घरी जुळवलेला नेहमीचा चार पंख्यांचा ड्रोन मायक्रोमध्येच मोडतो. शिकण्यासाठी, प्रयोगासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या यंत्राला नियमांत मॉडेल म्हटले आहे व त्याला टाईप सर्टिफिकेट लागत नाही. मात्र नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो.

पैसे घेऊन काम करायचे म्हटले की गोष्ट बदलते. नॅनोहून मोठ्या यंत्राला तेव्हा टाईप सर्टिफिकेट आणि चालवणाऱ्याला पायलटचे प्रमाणपत्र लागते; तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा तर नॅनोहून मोठ्या कोणत्याही यंत्राला लागतो. म्हणजे घरी बनवलेला ड्रोन घेऊन उद्या लग्नाची ऑर्डर स्वीकारता येणार नाही. भांडवल घालण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

जागेचे बंधनही मोठे आहे. डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा भाग असेल तेथेच, १२० मीटरच्या आत उडवावे. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. ताडोबा-अंधारी, चपराळा, भामरागड या संरक्षित जंगलांत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेऊच नये. भद्रावतीची आयुध निर्माणी, चंद्रपूरचे वीज केंद्र आणि कोळसा खाणी यांच्या आसपास तर बॉक्सही उघडू नये.

गडचिरोलीत पोलीस स्वतः बंदोबस्तासाठी ड्रोन वापरतात. तेथे अनोळखी यंत्र आकाशात दिसले की चौकशी होणारच. ज्याच्या खिशात नोंदणीचा कागद, भागांच्या खरेदीची पावती आणि ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच आहे, त्याची चौकशी दहा मिनिटांत संपते. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्या आईवडिलांना ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. येथेही बोर्डाची मदत होते. आर्दुपायलटमध्ये जिओफेन्स म्हणजे अदृश्य कुंपण घालता येते. त्याच्या कडेला पोचले की यंत्र आपोआप परत फिरते. २०० मीटरचे कुंपण आणि कार्डावरची नोंद असली, तर आपण कोठे उडवले हे आपल्या शब्दाऐवजी यंत्रच सांगेल.

मग फायदा काय?

पैसे घेऊन उडवता येत नाही तर एवढी मेहनत कशाला, असे कोणी विचारील. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांची आयात खुली ठेवली. २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. धानाच्या आणि कापसाच्या शेतावर ही यंत्रे फिरू लागली की मोटरी जळणार, सॉकेटे सैल होणार, कंपास भुलणार. त्या वेळी गाव सोडून पुण्या-मुंबईकडे पाहावे लागू नये, असा माणूस तालुक्यात हवा. ज्याने स्वतःचा ड्रोन जुळवून, त्याच्या नोंदी वाचून, दोष शोधून काढला आहे, त्याला कंपनीच्या सेवा केंद्रातही काम मिळेल व पायलटचे प्रमाणपत्र घेणेही सोपे जाईल. पहिला ड्रोन ही कमाईची वस्तू समजू नये, ती शागिर्दीची फी समजावी.

आणि फी वाया जाऊ द्यायची नसेल तर यंत्र टिकले पाहिजे. सांगाडा मोडला तर चांगल्या वाळलेल्या बांबूचा नवा करता येतो, मोटर जळली तर आमचा रिवाइंडिंगवाला ती भरून देईल. पण आलापल्लीच्या रानात नाहीसे झालेले यंत्र कोणीही दुरुस्त करू शकत नाही. म्हणून दुकानात उभे राहून पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. रिमोट बंद केला तर हा काय करतो, हे विचारावे. जो दुकानदार ते टेबलावर करून दाखवील, त्याच्याकडूनच बोर्ड घ्यावा.